उंचीप्रमाणे रांग

तीर्थस्वरूप दाजी,

धाकट्या मेहुण्याचा टाचा जुळवून साष्टांग नमस्कार. (टाचा जुळवून साष्टांग कसा घालतात ते विचारू नका, सवय आहे.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? ताईचा खोकला थांबला का? इकडे ही आणि पोरगी खुशाल आहेत. मी जळतोय. तुमच्यापाशी कसला आडपडदा!

झालं असं की, मी पडलो पलटणीतला कवायतीचा उस्ताद. निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत. पण तहान लागल्यावर विहीर खणायला धावू नये, म्हणून साहेबांनी आम्हाला आत्तापासूनच वर्गात बसवलंय. विषय एकच, वर्दी उतरल्यावर काय करणार? शिकवायला बाहेरून एक बाई येतात. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय काय येतं? मी ताडकन उठून सांगितलं, दोनशे माणसांचा डावा पाय एकदम जमिनीवर पाडता येतो. बाई ‘छान’ म्हणाल्या आणि झाऱ्याकडे वळल्या.

झाऱ्या म्हणजे आमच्या भटारखान्यातला आचारी, माझ्याच भरतीचा. बोलायला मठ्ठ. त्याने नुसता डबा उघडला. अख्खा वर्ग उठून उभा राहिला हो, कुणी हुकूम न देता! इतकी वर्षं घसा कोरडा करतोय मी, माझ्यासाठी असं कुणी आपणहून उठलेलं नाही. बाईंनी तर दोनदा घेतलं. (मीही घेतलं. पण ते सभ्यपणा म्हणून.)

मग अनुभव यावा म्हणून आम्हाला आठवडाभर बाहेर कामाला धाडलं. झाऱ्या गेला हॉटेलात, मी कापडाच्या दुकानात. दुकानात सेल होता आणि दारात ही झुंबड! मालक काकुळतीला येऊन म्हणाले, जरा रांग लावा. अहो, हे म्हणजे माशाला पोहायला सांगणं झालं. एका आरोळीत रांग लावली, उजवीकडून उंचीप्रमाणे, एका दोऱ्यात. बघत राहावी अशी रांग! फक्त एक बुटक्या आजीबाई पहाटेपासून पहिल्या नंबरवर बसून होत्या, त्या शेवटी गेल्या. त्यांनी मालकांना जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मालकांनी मला हात जोडले आणि संध्याकाळच्या आत परत पाठवलं. तिकडे हॉटेलवाला झाऱ्याला सोडायलाच तयार नाही! आता ही मला वाढता वाढता म्हणते, ‘जरा झाऱ्याभावजींकडे बघून शिका.’ माझ्या घरात, माझ्या ताटासमोर! घास उतरत नाही, दाजी. आणि खरं सांगू, त्याचा राग येतो त्याहून भीती जास्त वाटते. वर्दी काढून खुंटीला लावली की खाली जो उरेल, तो कुणाच्या कामाचा असेल का?

असो. लहान तोंडी मोठा घास झाला. ताईला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. वर जळतोय असं लिहिलंय, ते ताईला वाचून दाखवू नका. ती हिला सांगेल.

ता. क. दुसरा. झाऱ्या निवृत्तीनंतर स्वतःची खाणावळ काढणार आहे. काल मला म्हणाला, भागीदार हो. मी म्हटलं, मला साधा चहासुद्धा येत नाही. तर म्हणतो कसा, ‘रांधायला मी आहे. पण सकाळी मैदानावरून तुझी आरोळी आली नाही की माझा हातच चालत नाही रे.’ मी त्याला ताठ मानेनं नाही म्हणून सांगितलं. तर दाजी, आता तुम्ही तेवढा त्याला फोन करा आणि सांगा की, तुम्ही मला पुष्कळ समजावलंत आणि मी कसाबसा तयार झालोय. पण आजच करा. उद्या तो बँडमधल्या ढोलवाल्याला विचारणार आहे, आणि त्याची आरोळी माझ्याहून मोठी आहे.