बंडीची लाकडं

सूर्यभान,

तू बाळापूरहून सुभद्रेले घेऊन येशील तवा मी घरी नसन. बाबा बैलबंडी उलटून गेले असं तुले सांगतलं, ते खोटं हाये. अकोल्याच्या बाजारात अडत्याच्या जमादारानं कापूस भिजवून आणल्याचा आळ घेतला. बाबानं तोंडावर जवाब देल्ला, तर त्यानं तराजूच्या दांडीनं त्यायचं डोकं फोडलं. मी बैल सोडून राहिलो होतो. धावलो तवर दुसरा घाव बसला होता.

माय त्यायच्याजवळ बसली हाये. तिले डोकं दाखवू नको. पागोटं मी घट्ट बांधलं, ते तसंच जळू दे. कफन इकत आणू नको. सुभद्रेच्या सासरहून आलेलं कोरं धोतर पेटीत हाये, तेच घाल. लाकडंही इकत घेऊ नको. रेल्वेच्या इटाभट्ट्यायनं साऱ्या बाभळी खाल्ल्या, आता आपल्याले मोळी परवडत नाई. आपली बंडी फोड. चाकं, जू, फळ्या, सारं रच अन् वरून वावरातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या टाक. मंग कापूस कायनं नेऊ, असं म्हणशील. त्या बाजारात आता आपला कापूस जाणार नाई.

अग्नी तूच दे. थोरला काहून नाई आला असं भाऊबंद इचारतील, तर गप राय.

बंडी फोडाले शेजारच्या महादेवरावाची कुऱ्हाड मागून आण. आपली मी नेली हाये.

दादा