यंत्र बरोबर होतं

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू बरी असशील आणि गुंडीची सर्दी गेली असेल असं धरून चालते. मी ठीक आहे. खोलीवरची मैत्रीण गावी गेलीय, त्यामुळे कपडे वाळत घालायची अख्खी दोरी सध्या माझी एकटीची. ऑफिसात काम भरपूर. या आठवड्यात एका फर्निचरच्या कारखान्यातली हवा तपासायला गेलो होतो. भुसा इतका, की परत आल्यावर केस धुतले तर पाणी चहासारखं निघालं.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनच केला असता, पण आपल्या घरी फोन म्हणजे स्पीकरवरची सभा. बाबा लांबूनच पाऊसपाणी विचारणार, दादा मधेच "काय शास्त्रज्ञ, पगार वाढला का?" करणार, आणि तुला एक गोष्ट सांगायची तर ती सगळ्यांना सांगावी लागणार. मला फक्त तुझ्याशी बोलायचं आहे.

परवा आईचा फोन आला होता, तुला माहीतच आहे, तू शेजारीच होतीस. बोलता बोलता ती म्हणाली, "हल्ली स्वयंपाक करताना मी दार लावून घेते गं. फोडणीचा धूर बाहेर जायला नको. पोरीला माझा त्रास नको." मी म्हटलं, आत गुदमरशील. तर म्हणे, "मला सवय आहे." मागून बाबा म्हणाले, "फोडणी कुठली? आठवडाभर उकडलेलं खातोय. दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटतंय." सगळे हसलात. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

पोरीला माझा त्रास नको. हे आईच्या तोंडी मी घातलं, वहिनी.

मी ते हवेतले कण मोजायचं यंत्र घरी घेऊन आले, तो दिवस तू विसरली नसशील. सरांना विचारून, रविवारपुरतं आणलं होतं. आणलं होतं ते तुझ्यासाठीच. आदल्या खेपेला तूच मला गच्चीवर म्हणाली होतीस, "मी काही बोलले की त्यांना वाटतं मी कटकट करते. तू शिकलेली आहेस. तू सांगितलंस तर ऐकतील." मला किती बरं वाटलं होतं ते आता लिहायचीही लाज वाटते.

दादाचंही मला कळत होतं. गुंडी झाली त्या दिवशी त्याने सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकलं. बाबांच्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते त्या एवढ्याशा पोरीने केलं. मग ती ई-सिगारेट आली. "ही नुसती वाफ आहे," तो म्हणाला, आणि आपण मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. आई तर म्हणायची, निदान घरात फळांचा वास येतो. पण तुमच्या आतल्या खोलीला एकच खिडकी, तीही रस्त्यावरच्या धुळीमुळे कायम बंद. तो पलंगावर आडवा होऊन ओढणार आणि हाताच्या अंतरावर गुंडी. तुला ते खटकत होतं. म्हणून तू तिला बाहेर आईजवळ झोपवायला लागलीस, आणि दादा तुझ्यावर फुरंगटून बसला.

तर मी यंत्र टेबलावर मांडलं, जादूगारासारखं. दादाने लांब झुरका घेऊन वाफ सोडली. आकडा उसळला. मी तुझ्याकडे बघितलं, तू गुंडीला घट्ट धरलंस. आणि मग आकडा उतरायला लागला. बाबांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत तो होता तिथे परत आला होता.

"संपलं?" दादा म्हणाला. "एवढ्यासाठी मला घरात आरोपी केलंत?"

तेवढ्यात आईने आत तापल्या तेलात कांदा टाकला. आकडा चढला तो चढतच गेला, उतरायचं नावच घेईना. दादा पोट धरून हसायला लागला. "आई, बाहेर ये. खरी गुन्हेगार तूच निघालीस." आई हात पुसत दारात आली. सगळे हसतायत म्हणून तीही हसत होती. पण तिने माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच का गं?"

मी म्हटलं, "आकडा तरी तसंच सांगतोय."

बाबांनी माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "मशीन बिघडलेलं असेल." मी म्हटलं, "नाही बाबा, यंत्र बरोबर आहे." आणि ते बरोबर होतंच. दादा तुला म्हणाला, "झालं का समाधान?" तू हसून मान हलवलीस. ते मान हलवणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

इथवर लिहून मी उठले, भांडी घासली, नको होतं तरी कपाट आवरलं. आता राहिलेलं लिहिते.

मला माहीत होतं, वहिनी. कामावर लागले त्या आठवड्यात सरांनी ते यंत्र हातात देताना सांगितलं होतं, "हे कण मोजतं. कण कशाचे ते याला कळत नाही. पीठ आणि विष याला सारखंच." ई-सिगारेटच्या वाफेचे थेंब हवेत चटकन सुकतात, म्हणून आकडा पडतो. त्यातलं निकोटीन मात्र कुठे जात नाही. ते हवेत राहतं, चादरीवर, पडद्यावर, भिंतीवर बसतं. आणि गुंडी सध्या दिसेल ते तोंडात घालते. हे सगळं मी वाचलेलं होतं. आकडा खाली यायला लागला त्याच क्षणी मला आठवलंही.

बोलायचं एवढंच होतं, की दादा, थांब, या प्रश्नाला हे यंत्र चालत नाही, मी चुकीचं आणलं. पण बाबांनी माझं काम बघायला पहिल्यांदाच चष्मा लावला होता. आपल्या घरात बिल येवो, औषधाची चिठ्ठी येवो, "हिला दाखवा" म्हणतात. त्या सगळ्यांसमोर मला हरायला चाललं असतं, पण अडाणी दिसायला नको होतं. मी गप्प बसले आणि आईला गुन्हेगार होऊ दिलं.

तेवढंच असतं तर मी हे पत्र आईला लिहिलं असतं. मी पिशवी भरत होते तेव्हा तू आत आलीस. दार लोटून हळूच विचारलंस, "मग तिला आत झोपवू ना? तू सांगशील तसं." आणि मी मान वर न करता म्हटलं, "झोपव. काही होत नाही."

काही होत नाही, हे यंत्र म्हणालं नव्हतं. ते मी म्हटलं.

खरं काय ते लिहिते. सिगारेटच्या धुरापेक्षा या वाफेत घातक गोष्टी कमी असतात, इतपत दादा बरोबर आहे. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. निकोटीन असतं, बारीक कण असतात, फळांच्या वासासाठी घातलेली रसायनं असतात. शेजारी बसणाऱ्याला वर्षानुवर्षं त्याने काय होतं ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. आणि जे माहीत नाही त्याची परीक्षा गुंडीच्या छातीवर करायची नाही. आईच्या धुराचंही म्हणशील, तर तोही चांगला नाहीच. पण त्याला उपाय दार-खिडकी उघडी ठेवणं हा आहे, आईला आत कोंडणं नव्हे. तिला मी स्वतः सांगणार आहे, येत्या शनिवारी, समोर बसून.

काल दादाला मी दुकानात फोन केला. सगळं सांगितलं. मागे टायर ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "मग आज खरं बोलतेस कशावरून?" म्हणाला आणि फोन ठेवला. घरी येऊन त्याने तुला काही सांगितलं नसेल.

त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. माझा शब्द चालत होता तेव्हा मी तो माझी अब्रू राखायला वापरला. आता गुंडीसाठी लागतोय, तर त्याला किंमत उरलेली नाही. म्हणून माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. लस द्यायला जाशील तेव्हा दादाला बरोबर घेऊन जा आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्याच्यासमोर विचार. तो चिडेल. कदाचित म्हणेल की हिने तुला चिथावलं. म्हणू दे, ते खरंच आहे.

डॉक्टरीणबाईंकडे जाईपर्यंतचं मात्र माझ्याकडून ऐक. तू दार लोटून जे विचारलंस, त्याला तेव्हाच द्यायचं उत्तर आज देते. नको, वहिनी. तिला आत झोपवू नकोस.

तुझ्या विश्वासाला न जागलेली,
तुझी नणंद