प्रणालीबरोबर डोंगरात

३० ऑक्टो., गुरु.
झालं एकदाचं. कोर्टाचा कागद हातात आला. अमोल आणि प्रणाली आता नवरा-बायको नाहीत.
अ. घरी आला, बूट काढले, 'आई, चहा टाक' म्हणाला. दोघांनी चहात बिस्किटं बुडवून खाल्ली. टीव्ही लावला नाही. मुलाचा संसार मोडला की आईने रडायचं असतं. मला झोप आली. दुपारी दोन तास मेल्यासारखी झोपले. उठले तर अंग हलकं. हे इथेच लिहितेय, कोणाला सांगायची सोय नाही.
संध्याकाळी प्र.चा फोन. वर्ष झालं, जेसल पार्कला भाड्याने राहते. 'आई, तिकिटं कन्फर्म झालीत. येताय ना?'
अजून आईच म्हणते. मी पण दुरुस्त केलं नाही.

२ नोव्हें., रवि.
सप्टेंबरात तिने विचारलं होतं. कालक्याहून शिमल्याची छोटी गाडी, मध्येच उतरायचं, थोडं चालायचं, पुढची गाडी पकडायची. 'ट्रेकबिक नाही हो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच चालायचं.' तेव्हा हो म्हटलं. वाटलं, होतंय कुठे.
अ.ला सांगितलं, शिंदेबाईंबरोबर चाललेय, मंडळाची ट्रिप आहे. खोटं बोलताना आवाज जराही हलला नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, तिथली सवय. शिंदेबाईंना मात्र हे सांगायचं राहिलंच. उद्या सांगते.
अ. म्हणाला, 'जा की. स्वेटर घे.'

६ नोव्हें.
बोरिवलीहून गाडी. प्र. आधीच येऊन उभी, पाठीवर सॅक, केस कापलेले. बरे दिसतात. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली, तिच्याकडे शेजारच्या गुजराती बाईंनी दिलेले थेपले. तिने धपाटे खाल्ले, मी थेपले.
सुरतेपर्यंत काय बोलावं सुचेना. घरात होती तेव्हा दूध, गॅस, मावशी आल्या का, असं बोलायचो. आता आमच्यात सामाईक असं काही घरच नाही. मग ती म्हणाली, 'खालचा बर्थ तुम्ही घ्या,' आणि मी म्हटलं, 'घेते.' तेवढ्यानेही बरं वाटलं.

८ नोव्हें., शनि.
कालक्याहून सकाळची गाडी. डबे म्हणजे खेळण्यातलेच. गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागतात. बोगदे मोजायला घेतले, बावीसला सोडून दिले. प्रत्येक बोगद्यात पोरं किंचाळतात. एका बोगद्यात प्र. पण किंचाळली! पोरांच्यात आवाज मिसळून. उजेडात आलो तेव्हा साळसूदपणे खिडकीबाहेर बघत होती. मी ओळखला आवाज.
कंडाघाटला उतरलो. वरच्या अंगाला बिमलाजींचं घर, दोन खोल्या पाहुण्यांना देतात. बाई माझ्याच वयाच्या. चहा देता देता विचारलं, 'माँ-बेटी हो?'
प्र. म्हणाली, 'ये मेरी सास थीं.'
'थीं? अब क्या हैं?'
'अब साथ में घूम रहे हैं.'
बिमलाजी हसल्या, म्हणाल्या, 'ये तो और अच्छा है.' आणि चहात अजून साखर घातली. मला चालत नाही, पण प्यायले.

९ नोव्हें., रवि.
सकाळी त्रिसरण म्हटलं, गच्चीवर उभी राहून. समोर डोंगरामागे डोंगर, शेवटचा पांढरा. परभणीत वाढलेल्या बाईला हे दाखवलं की ती काय करणार? नुसती उभी राहिले.
चार कि.मी. चाललो, गावातल्या सपाट वाटेने. झाडांना केशरी फळं, टोमॅटोसारखी, इथे जापानी फल म्हणतात. एका बाईने हातावर दोन ठेवली. पैसे घेईना. पिकलेलं गोड, कच्चं खाल्लं तर जीभ आखडते. मी कच्चं खाल्लं. प्र. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.
आमच्या घरात ही मुलगी सहा वर्षं होती. असं हसताना पाहिल्याचं आठवत नाही.
गुडघा ठीक.

१० नोव्हें., सोम.
नीट लिहायला हवं.
सकाळच्या गाडीने कनोहला गेलो. इवलं स्टेशन, चार मजली कमानींचा पूल. पूल बघून, थोडं वर हिंडून परतीची गाडी पकडायची असं ठरलं होतं. मी म्हटलं, अजून त्या वळणापर्यंत जाऊ. मग पुढच्या वळणापर्यंत. खाली शिट्टी झाली. झाडांमधून गाडी जाताना दिसली. आमचीच.
घाईने खाली स्टेशनवर आलो. स्टेशनवरचा माणूस म्हणाला, 'घबराना क्या है माताजी, कैथलीघाट तक पैदल चलो, तीन किलोमीटर. वहाँ से बस.' वाट हाताने दाखवली, चुकण्यासारखी नव्हती.
चाललो. चिडाची, म्हणजे पाइनची झाडं, खाली वाळलेल्या सुयांचा थर, पाय घसरत होता. प्र.ने हात धरला. अर्ध्या वाटेत दगडावर बसलो, पाणी प्यायलो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून आले नव्हते. की ठरवूनच आले होते, कोण जाणे.
म्हटलं, 'तुमची भांडणं व्हायची ना, तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.'
'माहितेय. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.'
'नाही गं. मला ऐकू येऊ नये म्हणून.'
मी पुढे बोलले, आता थांबून काय फायदा. त्याने ताट भिरकावलं त्या दिवशी तू माझ्याकडे आलीस. मी म्हटलं, बापावर गेलाय, सांभाळून घे. मी पण तेच केलं होतं जन्मभर. तुला दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं.
ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली, 'त्या दिवशी तुमचा खूप राग आला होता. त्याच्यापेक्षा जास्त.'
'आणि आता?'
'आता पण आहे थोडा. नाही म्हटलं तर खोटं होईल.'
'असू दे.'
'पण तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला घेऊन यावंसं नाही वाटलं.'
मग आम्ही दोघी रडलो. वरून एक शेळीवाली चालली होती, तिने बघून न बघितल्यासारखं केलं.
कैथलीघाटला बसस्टँडजवळ राजमा-चावल खाल्लं. इतकी भूक कधी लागली होती आठवत नाही. गाडी चुकली ते बरंच झालं.

११ नोव्हें.
अ.चा फोन. मी शिमल्याच्या गाडीत, शोघीच्या आसपास.
'आई, कुठेयस तू?'
'शिमल्याला चाललोय.'
'शिंदेकाकू इथे सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर भाजी घेतायत.'
त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं! समोर प्र. माझ्या तोंडाकडे बघत होती. अजून एक खोटं तयार होतं जिभेवर, सांगून मोकळी होऊ शकले असते. म्हटलं, 'मी प्रणालीबरोबर आलेय. तिने विचारलं, मी हो म्हटलं. तुला घाबरून सांगितलं नाही.'
मग बोगदा आला, लाइन गेली.
बाहेर आलो तेव्हा प्र. म्हणाली, 'चिडला?'
'कळायच्या आत बोगदा आला.'
आधी ती हसली, मग मी.
शोघीला उतरलो, आजचा मुक्काम इथेच. दुपारी त्याचा मेसेज आला. 'मला घाबरतेस?' एवढाच. दहा वेळा वाचला. उत्तर लिहिलं: 'हो, कधी कधी. तुझे बाबा चिडायचे तेव्हा तू पण घाबरायचास.' पाठवलं.
रात्रीपर्यंत वाचल्याच्या नुसत्या निळ्या खुणा.

१२ नोव्हें., बुध.
समर हिलपर्यंत गाडीने, तिथून देवदारांतून चालत शिमल्यात. सावकाश. माकडाने प्र.ची चिप्सची पिशवी पळवली. बाकावर बसून पाय हलवत उन्हं खाल्ली. आज कोणाबद्दलच बोललो नाही. ती तिच्या ऑफिसबद्दल बोलली, मी एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींबद्दल. पहिल्यांदाच विचारलं तिने, मी नोकरीला कशी लागले.
अ.चं उत्तर आलं. 'हो. घाबरायचो.' खाली पुन्हा एक: 'शनिवारी बोरिवलीला घ्यायला येतो.'


१५ नोव्हें., शनि.
घरी. तीन वाजलेत, कपडे मशीनमध्ये.
अ. फलाटावर उभा होता. दाढी केलेली. प्र.ला बघून मान हलवली, तिने पण. माझी बॅग घेतली, मग तिच्या सॅककडे हात केला. ती म्हणाली, 'राहू दे, हलकी आहे.' 'जेसल पार्कला सोडू?' 'नको, जाईन मी.' वाईट सुरात नाही. जाताना मला मिठी मारली, त्याच्यासमोर. मागे न बघता जिना चढून गेली.
दहिसर चेकनाका आला. मग म्हणाला, 'बरी आहे ना ती?'
'बरी आहे.'
'मी एका डॉक्टरकडे जाऊन आलो परवा. रागासाठी असतात तसे. बघू.' डोळे रस्त्यावर. मी नुसतं 'बरं' म्हटलं. जास्त बोलले असते तर तो गप्प झाला असता. तेवढं मला कळतं.
घरी त्याने खिचडी लावून ठेवली होती. फोटो मागितले. गच्चीवरचे, गाडीतले, कच्चं फळ खाल्लेलं माझं तोंड. तो हसला. प्र.चे फोटो आले तेव्हा भरभर सरकवले नाहीत, तेवढ्याच वेगाने बघितले.
मग फोन परत देत म्हणाला, 'पुढच्या वेळी कुठे जाणार आहात?'
मला तो जन्मापासून अगं-तुगं करतो.
आहात म्हणाला. मी विचारलं नाही, कोण कोण.