इटलीचा बर्फ

आण्णा,

काल मी तुमच्या नावापुढचा ‘इटली’ हा शब्द खोडला. लाल पेनानंच खोडला, हाताला अजून तीच सवय आहे. गावात शाळेसमोर काळ्या दगडाचा फलक बसवतायत. एका बाजूला दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्यांची नावं आणि प्रत्येकाची आघाडी, दुसऱ्या बाजूला त्याच वर्षांत इंग्रजांविरुद्ध भूमिगत झालेल्यांची नावं. एकाच गावातली, काही तर एकाच घरातली माणसं, पाठीला पाठ लावून उभी राहणार. यादी तपासायला माझ्याकडे सांगलीला पाठवली, कारण मी तीस वर्षं इतिहास शिकवला आणि मी संशयी आहे हे गावाला चांगलं ठाऊक आहे. भाजीवाल्याचा काटा मी अजूनही आधी रिकामा बघते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बापाला बी तसंच तोललंस व्हय गं. तोललं, आण्णा. पन्नास वर्षं तोलत होते, आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आपल्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताला तुमचा पाट असायचा. आई भाकरी थापते आहे, तुम्ही दोन्ही पाय मांडीखाली घेऊन बसलाय आणि सांडलेल्या पिठात बोटानं रेघ ओढताय. ‘ह्यो समुद्र. हिकडं मिसर, तुमच्या पुस्तकातलं इजिप्त. आन ही समदी वाळू.’ मग तुम्ही सांगता की दिवसाला माणशी एक बाटली पाणी, त्यातच दाढी. पत्र्याच्या डब्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून पेटवायची आणि त्यावर चहा ठेवायचा. माशा इतक्या, की घास तोंडात घालताना दुसऱ्या हातानं झाकायचा. रणगाडा पेटल्यावर जो वास यायचा तो सांगताना तुम्ही मध्येच थांबायचात, आणि आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरायची. मग तुम्हीच म्हणायचात, ‘करपली बघ.’

रविवारी सकाळी तात्या चहाला यायचे. तात्या म्हणजे भूमिगतांतलं आपल्या गावातलं मोठं नाव, स्वातंत्र्यानंतर झेंडावंदनाला पहिल्या खुर्चीवर बसणारे. ते आले की तुम्ही वाळवंट आटोपतं घ्यायचात. कप खाली ठेवून ते म्हणायचे, ‘आवं आण्णा, इटलीचं सांगा की पोरांस्नी. बर्फाचं सांगा.’ आणि तुम्ही चार गावांची नावं घेऊन सांगायचात. डोंगर लय, बर्फ लय, नदी लय गार, त्या गारठ्यानं माझं पाय खाल्लं. तेवढंच. आफ्रिकेला वास होता, चव होती, इटलीला नुसती नावं होती. तुम्ही तळव्यांच्या कडांवर चालायचात, देवळाच्या फरशीवरही कातडी मोजे घालून. आम्हा पोरांना त्याचा अभिमान वाटायचा. तात्यांचं तुमच्यावर किती प्रेम, असंही मला वाटायचं.

दहावीला महायुद्धाची कारणं आठ गुणांना होती. पहिल्या युद्धानंतरचा अन्यायी तह, मंदी, हुकूमशहांची हाव, राष्ट्रसंघाचा दुबळेपणा, आणि तात्कालिक कारण म्हणून पोलंडवरचा हल्ला. मी घोकता घोकता तुम्हाला विचारलं होतं, की आण्णा, युद्ध नेमकं कशानं झालं? तुम्ही बैलाच्या गळ्यातली घंटा बांधत होतात. म्हणालात, ‘कारनं मास्तर सांगत्याल. मी भरती झालो तवा मला कुनी कारन सांगितलं न्हाई, आन मी बी इचारलं न्हाई.’ आणि मग जरा वेळानं, ‘तात्कालिक म्हंजे काय गं?’ मी सांगितलं, की आत दारू भरलेलीच असते, काडी कोण लावतं ते म्हणजे तात्कालिक. तुम्ही मान हलवलीत आणि घंटेची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधलीत. मला आठवतं, कारण गाठ पहिल्यांदा चांगली बसली होती.

बी.एड.च्या अर्जाला माजी सैनिकाची मुलगी असा दाखला लागत होता. तुम्ही शेतावर होतात. मी ट्रंक उघडली आणि तुमचं फौजेचं पुस्तक काढलं. मी चोवीस वर्षांची होते, इंग्रजी वाचता येत होतं, आणि युद्धाचा क्रम तोंडपाठ होता. पोलंड, मग फ्रान्स पडलं, मग वाळवंटात मागं-पुढं दोन-अडीच वर्षं, तिकडं रशिया, इकडं जपान सिंगापूर घेऊन ब्रह्मदेशापर्यंत आलेला, मग आफ्रिका मोकळी झाली आणि त्यानंतर इटली. तुमचं नाव फौजेतून कमी केल्याची तारीख दोस्तांची फौज इटलीच्या किनाऱ्यावर उतरली त्याच्या आधीची होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, दोन्ही पायांना दुखापत, सुट्टीवर असताना. मी ते तीनदा वाचलं. मग माझ्या ध्यानात आलं की तुमच्या पायाची दहाही बोटं जागेवर आहेत. बर्फ आधी बोटं घेतो, आण्णा. तळवे घेत नाही.

त्या वर्षांत आपल्या भागात भूमिगत लोक तळवे कुणाचे फोडत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जो पोलिसांना खबर देतो त्याचे. मी पुस्तक जागेवर ठेवलं, दाखल्यासाठी दुसरा कागद शोधला आणि त्या दिवशी तुमच्या ताटात भाकरी वाढताना तुमच्याकडे बघितलं नाही. पुढं जे जे दिसलं ते सगळं त्याच बाजूला जाऊन पडलं. मी आठवीत असताना तुम्ही सांगलीहून आणलेला जुना नकाशांचा संच आठवतो? त्यात इटलीचं पान सगळ्यात मळकं होतं. माझा हात त्या पानावर कधी फारसा गेला नव्हता. म्हणजे तुम्ही बोट फिरवून फिरवून गावांची नावं पाठ करत होतात. जो जाऊन आलाय तो कशाला पाठ करेल? गावात पोलीस आला की तुम्ही आत जायचात, तेही मी मनात टिपून ठेवलं. तात्यांचा रविवारचा चहासुद्धा मला वेगळा दिसायला लागला. वाटलं, हा माणूस तुम्हाला दर आठवड्याला येऊन बघून जातोय, चोरावर नजर ठेवावी तसा.

तुम्ही गेलात, तात्या गेले, आई गेली. मी विचारलं नाही. मग ही यादी आली, आणि खोटं दगडावर कोरू द्यायचं माझ्या जिवावर आलं. विचारायला एकच माणूस उरलं होतं. मागच्या आठवड्यात रहिमतपूरला आत्याकडे गेले. तुमची धाकटी बहीण आता नव्वदी ओलांडून गेली, पण नजर शाबूत आहे. सुपात घेवडा घेऊन खडे निवडत बसली होती. मी चपला काढल्या काढल्या विचारलं, कारण बसले असते तर विचारलं नसतं.

‘आत्या, आण्णांचे पाय कुणी फोडले?’

‘इटलीत बर्फ हुता की गं बाई.’

‘आण्णा इटलीला गेलेच नव्हते. मी कागद बघितलाय.’

तिचा हात सुपात थांबला. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘बस खाली. उभ्यानं ऐकायचं न्हाई त्ये.’

तुम्हाला वाळवंटात कावीळ झाली, बोटीनं परत पाठवलं आणि दोन महिन्यांची सुट्टी मिळाली, हे मला माहीत होतं. पुढचं आत्या बोलली तसं लिहिते. ‘फौजी रजेवर आला की तालुक्याला चौकीत जाऊन पासावर शिक्का घ्यायला लागायचा. त्यो आसला की घासलेट नि साखर मिळायची. घरात दिवा न्हवता. दादा खाकी घालून गेला, शिक्का घिऊन आला. दुसऱ्या दिशी पोलिसांनी मळ्याला येढा घातला नि तिथं लपल्याली आपली दोन मानसं धरून न्हेली. त्यातला येक पुढं जेलातच वारला. मग समदी फितूर हुडकाय लागली. तात्या आमच्या दारात आला, मी बाहीर खेळत हुते. माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला नि म्हनला, तुझा दादा परवा कुठं गेलता गं? मी म्हनलं, चौकीत. खरं तेच बोलले की मी. अकरा वर्साची हुते.’

‘आण्णा काय म्हणाले?’

‘त्यो म्हनला घासलेटासाठी गेलतो. कुनाला पटंल? भर दुपारी चिचंखाली पाडला नि तळव्यांवर काठ्या घातल्या. मला मामाकडं धाडलं हुतं, पर वरडनं वाड्यावस्तीला ऐकू गेलं म्हनत्यात.’

तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘दिवाळीच्या आत खरा कोन त्ये कळलं. तात्या येऊन उंबऱ्याभायेर बसला नि रडला. दादानं त्येला च्या दिला. आन म्हनला, जे झालं त्ये झालं, पर माझ्या भनीला कळू देऊ नगा की तिच्या बोलन्यानं झालं. पुढं फौजा इटलीला गेल्या, तवा दोघांनी मिळून बर्फ ठरीवला. मी मामाकडनं आल्यावर मला बी बर्फच सांगितला. आता मी काय येडी हुते का? मला समदं ठावं हुतं. पर त्यास्नी वाटत हुतं मला ठावं न्हाई, तर मी बी बर्फच म्हनत ऱ्हायले.’

मी विचारलं, खरा कोण होता? ‘मेला त्यो. त्येची नातवंडं हायती गावात, पोरंबाळं हायती. नाव मी घ्येनार न्हाई, तू बी हुडकू नगंस.’ एवढं बोलून तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

येताना एस.टी.त मी आत्यालाही तोललं, आण्णा, खोटं कशाला बोलू. साक्षीदार एकच, तीही सख्खी बहीण, तिलाही तुम्ही स्वच्छ असण्यातच सुख, आणि खऱ्या फितुराचं नाव नाही. वर्गात एखाद्या मुलानं असा पुरावा आणला असता तर मी परत पाठवला असता. मग कराडच्या पुढं कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की माझ्याकडे तरी काय होतं? एक तारीख, दहा बोटं आणि नकाशाचं मळकं पान. गावाकडे तर त्याहून जास्त होतं, त्यांना तुम्ही चौकीत गेल्याचं घरच्याच पोरीनं सांगितलं होतं. आधी चौकी, मग धाड, म्हणून चौकीमुळे धाड. हीच चूक करू नका म्हणून मी तीस वर्षं मुलांचे गुण कापले. तेव्हा पुराव्याशिवायच मी आत्याचं मानलं. सोपं गेलं नाही, आणि पहाटे जाग आली की संशय अजूनही उशाशी असतो, पण मानलं.

काल यादी दुरुस्त करून तात्यांच्या नातवाला फोन केला. फलकाचं सगळं तोच बघतो. म्हटलं, आण्णांच्या नावापुढं उत्तर आफ्रिका लिहा. तो म्हणाला, ‘मॅडम, इटली ना? आमचे आजोबा तर कायम इटलीच म्हणायचे. पाय तिकडंच गेले ना त्यांचे?’ मी म्हटलं, ‘नाही. पाय गावात गेले.’ पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग तो हळू म्हणाला, ‘मॅडम, ह्यावर फोनवर नको बोलायला.’ म्हणजे त्यालाही ठाऊक आहे. मी एवढंच म्हटलं, की आजोबांचं नाव त्यांच्या बाजूला जसं आहे तसं राहू दे, मला त्यातला शब्द बदलायचा नाही, फक्त माझ्या बापाला जिथं तो लढला तिथं ठेवा. तो बरं म्हणाला. तात्यांवर मला राग यायला हवा होता. तो येतो आहे, पण तो उंबऱ्याबाहेर बसलेला माणूस मध्येच दिसतो आणि राग अर्धा राहतो. तुम्ही त्याला चहा कसा दिलात, हे मला कळत नाही. मी दिला नसता.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, आत्यालाही नाही. तुम्ही सोसलंत ते लिहून झालं, आता मी केलं ते लिहिते. माझ्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होता. मुख्याध्यापकांनी तुमचं नाव परस्पर घातलं आणि तुम्हाला कार्ड पाठवलं. तुम्ही शिराळ्याहून एस.टी.नं आलात, इस्त्रीचा कोट, पांढरा फेटा. मी स्टँडवर उभी होते. फितुराला माझ्या मुलांसमोर हार घालू देणार नव्हते. तुम्ही उतरलात आणि मी म्हटलं, कार्यक्रम रद्द झाला, आण्णा, पाहुण्यांची तब्येत बिघडली. तुम्ही कोटाचं बटण सोडलंत आणि म्हणालात, ‘आसू दे की. पोरांस्नी औंदा नुसतं वाळवंटाचंच सांगनार हुतो. बर्फाचं न्हाईच काडनार म्हनून ठरवून आलतो.’ मी भडंगाची पुडी तुमच्या हातात दिली आणि परतीच्या गाडीत बसवलं. तुम्ही खिडकीतून हात केलात, मी केला नाही.

कार्यक्रम रद्द झाला नव्हता, आण्णा. चार वाजता झाला, आणि सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. तुमचं नाव आलं तेव्हा मी माईकवर सांगितलं, की प्रकृती ठीक नसल्यामुळे ते येऊ शकले नाहीत, आणि मुलांनी तुमच्या रिकाम्या खुर्चीसाठी टाळ्या वाजवल्या.