पिपाजवळचा कापूर

ठाकुर्ली,
१२ जानेवारी १९९२

मित्र काळुराम यास रघुचा रामराम.

आमच्याकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे धरलेत, एवढंच. तुझ्या सासुरवाडीचा पत्ता तुझ्या बहिणीने, हेमाने दिला. आधी तासभर दारात उभं ठेवलं, बरंच केलं.

वागळे इस्टेटमधला आपला गाळा मालकाने परत घेतला. छपरावरची सौर पॅनेलं भंगारवाल्याने काढली. उन्हाच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, त्यावर रिक्षा चालवायची, मागे धूर नाही, नुसती वाफ, हे सांगितलं तर तो हसला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. हल्ली माझा हात कुणावरही उठतो. परवा दूधवाल्याला मारलं.

खुशाल लिहिलं ते खोटं आहे. गणू गेल्यावर कसली खुशाली! माझ्या धाकट्या भावाचं तोंडही आईला शेवटचं दाखवता आलं नाही. दाखवण्यासारखं उरलंच नव्हतं.

दसऱ्याचं लिहायलाच बसलोय आणि भलतंच लिहितोय. तोरणं आणायला निघताना तू बजावलंस, "वायूचं पीप भरलंय, झाकनातून गलतंय. कापूर अंगणान लाव." तुझी पाठ वळली आणि मी गणूला म्हणालो, "मशिनीची पूजा काय अंगणान करतान?" आमच्या बापाने मिठागरात जन्मभर पंपासमोरच आरती केली, मग मी का ऐकू? मी मोठा शहाणा! ताट गणूच्या हातात दिलं, काडी मी ओढली. नारळ बाहेर राहिला होता. तो घ्यायला उंबरा ओलांडला आणि पीप फुटलं. पत्रा गणूच्या चेहऱ्यातून आरपार गेला.

तू झेंडूच्या माळा टाकून धावत आलास. मीच ओरडलो, "यानंच मारला माझ्या भावाला!" पहिला पाना मीच घातला, मग अख्खी गल्ली तुझ्यावर तुटून पडली. तू "रघु, रघु" करत होतास, मला मदतीला बोलावत होतास. मी परत मारलं, डोळ्यावर. तू खरं बोलण्याआधी गप्प व्हावास म्हणून.

पोलिसांना सांगितलं, आत काडी ओढू नका असं काळुराम कधी बोललाच नाही.

वीस तारखेला ठाण्याच्या कोर्टात तुझी केस आहे. जज्जसाहेबांसमोर मी हे सगळं बोलणार आहे. काल आईला सांगितलं. तिने पायातली वहाण काढून मला मारलं, मारता मारता खाली बसली.

माफी मागत नाही. तुझा डोळा घेऊन ती कुठल्या तोंडाने मागू? तू फक्त समोरच्या बाकावर बस. मी कचरलो, तर सगळ्यांदेखत उठून मला मार.

गणूला मारणारा,
रघु