वहिनींचा जबडा आणि माझं वॉलेट

मी, खाली सही करणारी, निवृत्त दंतवैद्य, राहणार याच घराचा वरचा मजला, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि हे मृत्युपत्र लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नी, सकाळपासून चहाच्या निमित्ताने सारख्या वर डोकावत आहेत. पण त्याला दबाव म्हणता येत नाही, असं वकिलांचं मत पडलं.

१. घर. वरचा मजला माझ्या पश्चात वहिनींचा. जिन्यातला दिवा त्यांनी बदलून घ्यावा. हे मी तोंडाने सांगून थकले, आता कायद्याने सांगते.

२. बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला. तो क्रिप्टोला आजही जुगार म्हणतो, म्हणून त्यातलं एक नाणंही त्याला मिळू नये.

३. क्रिप्टो. थोरला भाऊ गेल्यावर वहिनींनी आणि मी मिळून थोडी नाणी घेतली आणि तिथूनच आमचं बिनसलं. मी माझी दवाखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका हलक्याशा वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, ठेवली. ते जगभरच्या नाण्यांच्या व्यवहारांचा सगळा हिशेब उतरवून घेत बसत नाही, गरजेपुरतं नेटवर विचारून येतं आणि नाणी खर्चायची गुप्त चावी आपल्याच मशीनमध्ये ठेवतं. वहिनींनी वेबसाइटवरचं वॉलेट घेतलं. कुठूनही उघडतं, पण चावी साइटवाल्यांकडे.

"वहिनी, तुमची चावी परक्याच्या खिशात," मी म्हणायचे.

"आणि तुमची त्या खोक्यात, वन्सं. उंदराने वायर कुरतडली म्हणजे?"

मग एके दिवशी त्यांच्या साइटवर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लागली आणि हलेचना. वहिनींचं तोंड उतरलं. मी टोमणे मारण्याऐवजी नुसती गुणगुणत जिना चढले-उतरले. ते त्यांना जास्त झोंबलं. त्या तिरमिरीत त्यांनी दवाखान्याची साफसफाई काढली आणि माझा कॉम्प्युटर भंगारात दिला.

"मला वाटलं, ते एक्स-रेचं बंद पडलेलं मशीन!"

आम्ही दोघी स्कूटरवरून भंगारवाल्यांकडे धावलो. दाढेचं स्टिकर असलेलं खोकं सापडलं, पण रिकामं. "ताई, आतलं सगळं सकाळीच गेलं," ते म्हणाले. एका आडव्या पडलेल्या वॉशिंग मशीनवर बसून मी रडले. वहिनी शेजारी टेकल्या.

"वन्सं, ते बारा शब्द असतात ना? मशीन गेलं तरी नाणी परत आणणारे? तुम्हीच मला व्याख्यान दिलं होतंत."

घाबरून मी ते साफ विसरले होते. "आहेत की!"

"कुठे?"

"तुमच्या जबड्यात."

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या कवळीसाठी घेतलेला प्लास्टरचा साचा माझ्या कपाटात होता. त्याच्या तळाशी मी ते शब्द कोरले होते, कारण साफसफाईत काहीही गेलं तरी स्वतःचं तोंड त्या फेकणार नाहीत, याची मला खात्री होती.

घरी येऊन वहिनींच्या लॅपटॉपवर तेच ॲप बसवलं. त्यांनी भिंग धरून एकेक शब्द वाचला, मी टाइप केला, आणि नाणी दिसू लागली. वहिनींनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, "वेबवर एवढं कोरकाम लागत नाही हं." पुढे त्यांची साइट उघडली, तेव्हा मात्र त्यांनी आपली नाणी गुपचूप ॲपमध्ये आणली. थोडी साइटवरच ठेवली, हट्ट म्हणून.

सबब माझी सर्व नाणी वहिनींना. त्यांनी ती हवी तिथे ठेवावीत. मी बघायला नसेन. हे वाचून कोणी साच्याकडे धावू नये. तळ घासून शब्द दुसऱ्या जबड्यावर कोरले आहेत. कोणाच्या, ते वहिनींना ठाऊक आहे.

४. दवाखान्यातली खुर्ची भंगारवाल्यांना. त्यांनी ती तोडू नये, तिच्यात बसावं.

साक्षीदार म्हणून वहिनींनाही सही करायची होती. ज्याला मिळायचं त्याने साक्षीला राहायचं नसतं, असं वकिलांनी समजावलं.

"मग मला काही नको," वहिनी म्हणाल्या, "पण वन्संच्या कागदावर सही मीच करणार."

त्यांच्या हातातलं पेन काढून घ्यायला वेळ लागला. ते घेतल्यावर, वाचून आणि समजून, मी सही केली.

स्थळ: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: पाच मार्च
सही: दातवाल्या बाई
साक्षीदार: १. समोरचे औषधवाले २. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या बाई