तीन बोटं कोणाची?

मुंबई, १२ फेब्रुवारी २०१७

हंसावहिनी, दिपकचा वाकून नमस्कार.

दादाच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आज एकवीस दिवस झाले. जखम कोरडी आहे. तोंड तीन बोटं उघडलं की नाकातली नळी काढू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी विचारलं, "बोटं कोणाची?" मासळीच्या जाळ्याचं भोक आपणही बोटांनीच मोजतो, पण बाईंची बोटं भेंडीएवढी! म्हणून काल माझीच तीन घालून पाहिली. दादाने कचकन चावली.

बाई हसून म्हणाल्या, "तुमची मावली ना? मग उद्या नळी काढू."

दादाला अजून बोलता येत नाही, म्हणून वहीत सारखं तुमचं नाव लिहितो, मला दाखवत नाही. तुम्ही वेळेवर जेवता ना?

कालवण पातळ, बिनतिखटाचं पाठवा. बोटांना पट्टी आहे म्हणून अक्षर वाकडं. एरवी माझं अक्षर अख्ख्या वरोर गावाला ठाऊक आहे.

तुमचा दीर,
दिपक